खुर्ची उलटी करून बघा

जुन्या बाजारात एखादी खुर्ची आवडली की माणसं आधी तीत बसून बघतात. बसावं, पण नंतर. आधी ती उचलून उलटी करावी. वरचा भाग गिऱ्हाइकासाठी घासूनपुसून चकचकीत केलेला असतो. खालच्या बाजूला सहसा कुणी पॉलिश मारायला जात नाही, त्यामुळे खुर्चीच्या वयाचा दाखला तिथे सापडतो.

पहिल्यांदा करवतीच्या खुणा बघाव्या. हातकरवतीच्या रेघा सरळ आणि कमीजास्त अंतराच्या असतात, यंत्राच्या गोल पात्याच्या रेघा कमानीसारख्या वळतात. मग स्क्रू बघावे. डोक्यावर अधिकची खूण असलेला, आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो तो, अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात आला. विकणारा ‘शंभर वर्षांचा पीस आहे’ म्हणत असेल आणि खाली स्टार स्क्रू दिसत असतील, तर खुर्ची तेवढी जुनी नाही, किंवा मधे कुणीतरी ती दुरुस्त केली आहे. दुसरी शक्यताही तितकीच खरी, म्हणून लगेच भांडायला उभं राहू नये.

तिसरी परीक्षा बोटांची. पुढचे पाय कातलेले असतील तर त्यांच्यावरून हात फिरवावा, शक्यतो कॅलिपर लावून बघावा. लेथवरून उतरताना पाय गोल असतो. पण लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आक्रसत नाही. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडे आक्रसतं. त्यामुळे काही दशकांनी गोल पाय किंचित लंबगोल होतो. नव्या खुर्चीला चहापत्तीच्या पाण्याने जुना रंग देता येतो, पण पाय असा लंबगोल करून देणारा अजून मला भेटलेला नाही.

आणि शेवटी खाली सांडलेली भुकटी. मैद्यासारखी तलम असेल तर भुंगेरा, खसखशीसारखे सुटे दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. भुंगेऱ्याला जमतं ते बहुतेक सागाच्या कडेच्या फिकट लाकडात, आतल्या तपकिरी गाभ्याला तो फारसा शिवत नाही. वाळवी सापडली तर मात्र खुर्ची घरी नेण्याआधी तिचा बंदोबस्त करावा, नाहीतर खुर्चीबरोबर दाराच्या चौकटीचीही पाळी येते.

हे सगळं मला आता माहीत आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी माझी खुर्ची घेतली तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सरळ बसले आणि पैसे दिले.

खुर्ची सागवानी, रुंद बैठकीची. दोन्ही हात पुढे येऊन शेवया गुंडाळाव्या तसे खाली वळलेले. पाठीला जाळीदार विणकाम, पण ते वेताचं नसून पिवळ्या नायलॉनचं. बैठकीवर मरून रेक्झिन आणि त्याच्या कडेला गोल डोक्याचे पितळी खिळे. रेक्झिन हे मूळचं एका ब्रिटिश मालाचं नाव, कापडावर रसायनाचा थर देऊन केलेल्या खोट्या चामड्याचं. नावाचा मूळ मालक विस्मरणात गेला, आपल्याकडे मात्र सगळंच खोटं चामडं रेक्झिन झालं. डावीकडे झुकलं की खुर्ची कुरकुरायची आणि पाय भिंतीकडे सरकायचा.

ओळखीच्या एका मिस्त्रींकडे ती नेली. तालमीजवळच्या बोळातलं पत्र्याचं दुकान, भुश्शाचा वास, भिंतीवर पटाश्या ओळीने लावलेल्या. त्यांनी अर्थात आधी ती उलटी केली, टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘‘ताई, हिला कुणीतरी फार वेळा नवीन केलीय.’’

बैठक उघडायला दुपार गेली. वरचं रेक्झिन निघालं. त्याखालचा फोम हातात येताच पिवळा चुरा होऊन जमिनीवर पडला. पॉलियुरेथेन फोमचं हे ठरलेलंच आहे: हवेतला ऑक्सिजन, दमटपणा आणि उजेड मिळून त्याला आतून खात जातात, काही वर्षांत त्याची लवचीक जाळी मोडून पडते. फोमखाली एक फुलाफुलांचं कापड, कधीकाळी निळं असावं. त्याखाली गोळे झालेला कापूस, मग काथ्या, मग गोणपाट. गोणपाटाखाली सुतळीने बांधलेल्या नऊ स्प्रिंगा आणि त्यांना खालून तोलणाऱ्या तागाच्या पट्ट्या, त्यातल्या दोन तुटलेल्या. हे सगळं लाकडाला धरून ठेवायला चौकटीत मारलेल्या शेकडो चुका. सुतार आणि चांभार बारीक खिळ्याला चूक म्हणतात, आणि त्या चौकटीत आधीच्या कारागिरांच्या दोन्ही अर्थांच्या चुका भरपूर होत्या.

स्प्रिंगची गादी हे खुर्च्यांच्या इतिहासात तसं अलीकडचं प्रकरण. व्हिएन्नातल्या जॉर्ज युनिगल नावाच्या कारागिराने १८२२ मध्ये फर्निचरच्या स्प्रिंगांचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत युरोपातल्या खुर्च्या फुगत गेल्या. त्याआधी मऊपणा यायचा तो घोड्याच्या केसांतून, लोकरीतून, पिसांतून. स्प्रिंगची खरी करामत तिच्या बांधणीत असते. प्रत्येक स्प्रिंग थोडी दाबून उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या दिशांनी सुतळीने शेजारणीला बांधायची, म्हणजे एकीवर भार पडला की तो सगळ्याजणी वाटून घेतात. सुतळी कुजली की प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र होते, आणि तेव्हाच ती बसणाऱ्याला टोचायला लागते.

माझ्या खुर्चीत मात्र युनिगल पाहुणा निघाला. मिस्त्रींनी शेवटच्या चुका उपसल्या, चौकट ब्रशने साफ केली, आणि पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असावीत तशी भोकांची रांग चारही बाजूंनी उघडी पडली. अर्ध्या-पाऊण इंचावर एकेक भोक, काहींत वेताचे काळे पडलेले तुकडे अजून अडकलेले. म्हणजे खुर्ची मुळात पूर्ण वेताची होती. कुणाला तरी एके दिवशी ती कडक वाटली किंवा जुनाट वाटली, आणि त्याने जाळी कापून तिथे गादी चढवली.

ती मुळात वेताची असण्यात नवल नाही. खुर्ची हा शब्द जसा अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, तशी वस्तूही आपल्या घरांत उशिरा आली. पाट, चौरंग, बैठक, लोड-तक्के यांवर आपलं भागत होतं. इंग्रजी अमदानीत साहेबासमोर खुर्ची मिळणं हा मानाचा भाग झाला, उत्तरेत तर तशा मानकऱ्यांना ‘कुर्सीनशीन’ म्हणत. पण साहेबाच्या देशातली जाड गादीची खुर्ची इथल्या उकाड्यात घामाने भिजायची आणि किड्यांना घर व्हायची. वेताच्या जाळीतून वारा खेळतो, ढेकणाला लपायला जागा कमी मिळते, आणि वजनही हलकं. म्हणून या देशात घडलेल्या जुन्या आरामखुर्च्या बहुतेक वेताच्या. मळेवाल्यांची लांब हातांची खुर्ची, जिच्या हातांखालून फळ्या फिरवून त्यांवर पाय टाकता येतात, तीही वेताची. गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात अशी आरामखुर्ची अजून दिसते, तिथे तिला व्होल्तेर म्हणतात. फ्रेंच तत्त्वज्ञाचं नाव दुपारच्या झोपेला मिळावं, ही गंमत गोव्यालाच शोभते.

उलटा प्रवासही झाला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून वेत लंडनला पोचला आणि तिथे वेताच्या खुर्च्यांची लाट आली. पुढे व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये वाफेवर लाकूड वाकवून केलेली १४ नंबरची खुर्ची काढली, तिची बैठकही वेताची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. त्याच जातीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर बसून मुंबईकरांनी इराण्याकडे ब्रुनमस्का खाल्ला.

तर आता प्रश्न असा, की खुर्ची कुठल्या सालाकडे परत न्यायची? वेताच्या, की स्प्रिंगांच्या? दुरुस्तीतला सगळ्यात अवघड निर्णय हाच, आणि तो हत्यार उचलण्याआधी घ्यावा लागतो. ‘मूळ रूपात आणली’ असं आपण सहज म्हणतो, पण मूळ रूप म्हणजे नेमकं कोणतं? गादी चढवल्यावरही ती कुणाच्या तरी घरात बरीच वर्षं नांदली होतीच की.

मिस्त्रींचा प्रश्न साधा होता. ‘‘घरात बसणार कोण?’’ मी म्हटलं, आई. आणि भाचा येतो सुट्टीत. ‘‘मग बैठकीला वेत नको. वेतावर माणसाने बसावं. गुडघा टेकवायचा नाही, आणि पोरांनी तर उभं राहायचंच नाही. एक टाच गेली की जाळी गेली.’’ पाठीला वेत आणि बैठकीला गादी असं ठरलं. ती गादी लाकडाला कशी लावायची, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

आधी सांधे. खुर्चीचे जोड साल-कुशीचे होते: एका लाकडात चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसणारी जीभ, आणि मधे सरस. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला डिंक. तो पाण्यात भिजवायचा आणि भांड्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचा, उकळला तर त्याचा जोर जातो. वास असा, की शेजारी विचारायला येतात. पण त्याचा एक मोठा गुण आहे. ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा सैल होतो. मिस्त्रींनी सांध्यात थेंब थेंब स्पिरिट सोडलं, त्याने जुना सरस कोरडा, ठिसूळ झाला, आणि लाकडी हातोडीच्या दोन टोल्यांत उजवी बाजू कट्ट आवाज करून मोकळी झाली. जीभ शाबूत, खाच शाबूत. नवा सरस जुन्या सरसाच्या थरावरही धरतो, कारण गरम नव्याने जुनाही थोडा विरघळतो.

डावी बाजू सुटेना. तिथे मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत पांढरा सिंथेटिक गोंद ओतला होता आणि वर दोन खिळे ठोकले होते. नव्या कामाला हा गोंद उत्तम, लाकडापेक्षा मजबूत. पण जुन्या खुर्चीत तेच नडतं. ताण आला की गोंद हलत नाही, लाकूड मोडतं. तसंच झालं होतं, आत जीभ मुळाशी चिरली होती आणि गंजलेल्या खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलं होतं. वर पुन्हा, वाळलेल्या सिंथेटिक गोंदावर नवा गोंद धरत नाही, तो सगळा खरवडून काढावा लागतो आणि त्याबरोबर जुनं लाकूडही जातं. मोडलेल्या जिभेच्या जागी मिस्त्रींनी पाडलेल्या वाड्याच्या तुळईतला सागाचा तुकडा बसवला. नवा साग घेतला असता तर तो अजून आक्रसत राहिला असता. तुळईचं काय हलायचं ते केव्हाच हलून झालेलं होतं.

मग पॉलिशची पाळी, आणि इथे अपघात होता होता राहिला. दुकानातल्या पोराने घासायचं मशीन सुरू करून खुर्चीच्या हाताला लावायला नेलंच होतं. मिस्त्री ओरडले. जुन्या लाकडाची किंमत त्याच्या वरच्या कातडीत असते. उजेड, हात, तेल, धूळ, पुसणं यांनी वर्षानुवर्षांत जो मधासारखा रंग येतो तो एखाद्या मिलीमीटरच्या आतच असतो. मशीनने तो दोन मिनिटांत निघतो आणि खाली नव्या सागासारखं फिकट, अनोळखी लाकूड उरतं. ते परत मिळत नाही.

म्हणून आधी बघायचं, वर आहे काय. बैठकीखाली लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवला. मिनिटभरात पृष्ठभाग चिकट झाला, म्हणजे चपडा. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक कीटक रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात, तीच ही. झारखंड यात आघाडीवर, आपल्या पूर्व विदर्भातही ती होते. जुन्या पद्धतीत धुतलेली लाख लांब कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर पिळत, गाळून आलेला गरम गोळा हातापायांनी ताणून पातळ पत्रा करत, आणि तो फोडला की सोनेरी पापुद्रे: चपडा. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेसाठी वेगळी संशोधन संस्था काढण्याइतकं तेव्हा तिचं मोल होतं, कारण जगभरच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत लाख लागायची. जुन्या घरात दिवाणखान्यातली खुर्ची आणि तिच्या शेजारी वाजणारी तबकडी यांच्या अंगावर एकच किडा राबलेला असे.

खुर्चीच्या हातांवर घाम, केसांचं तेल आणि धूळ यांचा काळा थर होता. टर्पेंटाइन आणि अगदी बारीक स्टील वूलने तो उतरला, खालचा चपडा बराचसा राहिला. मग पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून ताजं पॉलिश केलं. जुनं मिश्रण वापरायचं नाही, बाटलीत बरेच महिने पडलेला चपडा नीट वाळतच नाही. कापसाचा गोळा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात बांधला की बोळा तयार. तो आधी गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, मग लाकडाच्या रेघांच्या दिशेने फिरवायचा, मधे कुठे थांबायचं नाही. थांबलात की बोळा खालचाच थर विरघळवून उचलतो. अडखळायला लागला तर जवसाच्या तेलाचं एक बोट. असे पातळ थर दिवसाआड देत तीन आठवडे काम चाललं होतं. पावसाळ्यात मिस्त्री हे काम घेत नाहीत, दमट हवेत चपड्यावर पांढरी झाक येते. आणि एक सूचना घरी करणाऱ्यांसाठी: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या दोरीवर पसरून वाळवा.

पाठीच्या वेतासाठी जे काका आले ते जन्मापासून अंध. आपल्याकडे अंधांच्या संस्थांमधून खुर्च्या विणणं शिकवण्याची जुनी परंपरा आहे, सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या अशा हातांनी विणल्या गेल्या. वेत म्हणजे काटेरी, झाडांवर चढणारा ताडाच्या कुळातला वेल. विणायला त्याची वरची चकचकीत साल लागते, आतला गाभा टोपल्यांना जातो. काकांनी सालीच्या पट्ट्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवल्या आणि प्रत्येक पट्टी अंगठ्यावरून ओढून गुळगुळीत बाजू ओळखली. ती वर यायला हवी. आधी उभे धागे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग त्यांत विणत आडवे, शेवटी दोन तिरपे पदर, एक इकडून एक तिकडून. तिरपे पदर पडेपर्यंत चौकोनी दिसणारी भोकं त्यांच्यानंतर अष्टकोनी होतात. चौथ्या फेरीत ते थांबले, बोटाने मागे चाचपत गेले आणि म्हणाले, ‘‘इथे एक धागा वरून गेलाय, खालून हवा होता.’’ मला दोन डोळ्यांनी ती जागा शोधायला वेळ लागला.

जाताना त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते. वेत कोरडा पडला की तुटतो. जाळी सैल झाली तर मागून, म्हणजे चकाकी नसलेल्या बाजूने, गरम पाण्याचं फडकं फिरवावं आणि सावलीत वाळू द्यावं. वाळताना साल आखडते आणि जाळी पुन्हा ताणली जाते. नायलॉन असं करत नाही, एकदा सैल पडलं की पडलं.

राहिली बैठक. भोकांनी आधीच पोखरलेल्या चौकटीत पुन्हा शेकडो चुका मारल्या असत्या तर लाकूड भोकाभोकांतून फाटलं असतं. मिस्त्रींनी सागाची एक वेगळी चौकट केली, बैठकीच्या आत अलगद बसेल अशी. तिच्यावर तागाच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून ताणल्या, वर गोणपाट, मग काथ्या कडेला थोडा जास्त आणि मधे सारखा, मग पिंजून घेतलेला कापूस, मग मांजरपाट, आणि सगळ्यात वर जाड सुती कापड. टॅपेस्ट्रीच्या दुकानदाराने मखमल दाखवली होती. ती इथल्या हवेत नको, असं मी ठरवलं. नव्या चौकटीत चुका आहेत, खुर्चीच्या चौकटीत एकही नाही. जुन्या नऊ स्प्रिंगा आणि वेताचा एक काळा तुकडा बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवले आहेत.

खाली एक कागद चिकटवला आहे, खुर्ची उलटी करणाऱ्यासाठी: सांध्यांत सरस, वर चपडा, पाठीला वेत, भोकं मोकळी. गादी खालून वर ढकलली की निघते.